संचिका, धारिका, नस्ती की फाइल? : संगणकीय परिभाषेतील एका गोंधळाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतील पारिभाषिक संज्ञांविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे : संज्ञा संस्कृतातून घडवावी, की रूढ झालेला परकीय शब्दच स्वीकारावा? या प्रश्नाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि संगणकातील फाइलव्यवस्थेच्या परिभाषेपुरता तरी तो दुय्यम आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. या क्षेत्रातील संज्ञा एकेकट्या वावरत नाहीत. फाइल, फोल्डर, डिरेक्टरी, ड्राइव्ह, फाइल सिस्टिम या संज्ञा पडद्यावर एकमेकींना खेटून उभ्या असतात. अशा वेळी शब्द कोणत्या कुळातला आहे यापेक्षा तो शेजारच्या शब्दापासून पुरेसा वेगळा आहे काय, हे आधी पाहावे लागते. आपल्या संज्ञाकारांनी नेमके हेच पाहिलेले दिसत नाही.

हा केवळ भाषाभ्यासकांच्या आवडीचा विषय राहिलेला नाही. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास परवानगी दिली आणि आपल्याच परिसरातील पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी माध्यमाचा वर्ग निघाला. परिचालन प्रणाली हा त्या अभ्यासक्रमातील अनिवार्य विषय आणि फाइलव्यवस्था हे त्या विषयातील टाळता न येणारे प्रकरण. ते मराठीतून शिकवणाऱ्याला पहिल्याच तासाला कोणती तरी संज्ञा फळ्यावर लिहावी लागते.

मूळ संज्ञेतील घोळ

गोंधळाचा सगळा दोष मराठीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ‘फाइल सिस्टिम’ ही इंग्रजी संज्ञाच मुळात सैल आहे. मल्टिक्स या प्रणालीविषयी डेली आणि नॉयमन यांनी १९६५ मध्ये लिहिलेल्या निबंधात फाइलींच्या श्रेणीबद्ध रचनेची कल्पना विस्ताराने मांडली गेली आणि पुढे युनिक्सने ती सर्वत्र नेली. या प्रवासात एकाच संज्ञेला किमान चार अर्थ चिकटले. वापरकर्त्याला दिसणारी, फोल्डरात फोल्डर असलेली रचना ही फाइल सिस्टिम. चकतीवर माहिती कोणत्या पद्धतीने लिहिली जाते तो आकृतिबंध, म्हणजे फॅट३२ किंवा एनटीएफएस, हीही फाइल सिस्टिम. तो आकृतिबंध वाचणारा प्रणालीतील आज्ञासंच हीही फाइल सिस्टिम. आणि चकतीचा जो विशिष्ट भाग आपण जोडून वापरतो, त्यालाही तेच नाव.

याचा परिणाम साध्या प्रसंगातही दिसतो. फॅट३२ आकृतिबंधाच्या पेनड्राइव्हवर चार गिगाबाइटची वा त्याहून मोठी फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह रिकामा का असेना. अशी फाइल उतरवू गेल्यास विंडोज जो संदेश दाखवते त्याचा शब्दशः मराठी अनुवाद ‘गंतव्य संचिका प्रणालीसाठी संचिका फार मोठी आहे’ असा होईल. वाचणारा अर्थातच असे समजतो की जागा संपली. तो जुन्या फाइली पुसू लागतो. संदेशात ‘प्रणाली’ऐवजी ‘पेनड्राइव्हची मांडणी’ असा शब्दप्रयोग असता, तर काय बदलायला हवे याचा सुगावा तरी त्याला लागला असता.

आकृतिबंधांच्या विशेषनामांतही असाच गोंधळ आहे. लिनक्समधील ईएक्सटी२ (१९९३), ईएक्सटी३ (२००१) आणि ईएक्सटी४ (२००८) या नावांतील आकडा पिढीचा क्रम सांगतो. उलट फॅट१२, फॅट१६, फॅट३२ यांतील आकडा पिढीचा नसून तक्त्यातील नोंदीच्या बिटसंख्येचा आहे. फॅट३२ ही बत्तिसावी आवृत्ती असावी असे विद्यार्थ्याला वाटले तर त्याला हसण्यात अर्थ नाही. व्यक्तीचे नाव देण्याची रीत याहूनही धोक्याची. हान्स रायझर यांच्या नावाची रायझरएफएस एकेकाळी लिनक्समध्ये प्रतिष्ठित होती. २००८ मध्ये ते पत्नीच्या हत्येच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि तांत्रिक कारणांनी मागे पडत गेलेल्या त्या प्रणालीला हे नाव अखेरपर्यंत वागवावे लागले. २०२५ च्या आरंभी ती लिनक्सच्या गाभ्यातून काढून टाकण्यात आली.

संचिका आणि तिच्या भगिनी

आता मराठी पर्यायांकडे वळू. ‘फाइल’साठी संचिका, धारिका, नस्ती आणि फाइल (किंवा फाईल) असे चार शब्द कमीअधिक प्रमाणात चालतात. ‘फोल्डर’साठी संचयिका, धारिका, फोल्डर. ‘डिरेक्टरी’साठी निर्देशिका. संग्रहित साठ्यासाठी संग्रह, संग्राहिका, संचय. या यादीकडे नुसते पाहिले तरी दोष ध्यानात येतो. संचिका, संचयिका आणि संचय हे तिन्ही एकाच धातूपासून आलेले, एकाच आद्याक्षराचे, आणि अर्थानेही एकमेकांत मिसळणारे शब्द आहेत. संचिकेत काय असते आणि संचयिकेत काय असते, हे केवळ शब्दावरून कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय ‘संचयिका’ म्हटले की आपल्यापैकी अनेकांना शाळेतील अल्पबचतीची योजना आठवते, ती गोष्ट वेगळीच.

‘संचिका’ या शब्दाविषयी माझा आक्षेप अधिक मूलभूत आहे. संचिका म्हणजे जिच्यात अनेक गोष्टी साठवल्या आहेत ती. कचेरीतील फाइलीला हा शब्द शोभतो, कारण तेथे फाइल म्हणजे अनेक कागदांची एकत्र बांधणी. इंग्रजी शब्दाचे मूळही धाग्याचा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दात आहे : दोऱ्यात ओवलेले कागद म्हणजे फाइल. आपल्या कचेऱ्यांत आजही टॅगची दोरी ओवूनच फाइल बांधतात. संगणकात मात्र फाइल हा एकच दस्तऐवज असतो आणि कचेरीतील फाइलीशी साधर्म्य असते ते फोल्डरचे. इंग्रजीतील ही विसंगती आपण जशीच्या तशी अनुवादून घेतली. ‘धारिका’ या शब्दाने तर ती दुप्पट केली. धारण करणारी ती धारिका, म्हणजे अर्थाने फोल्डर. पण वापरात ती कोठे फाइल असते, तर कोठे फोल्डर.

शासकीय कचेऱ्यांत ई-ऑफिस प्रणाली आल्यापासून ही विसंगती पडद्यावरच येऊन बसली आहे. तेथे नस्ती म्हणजे प्रकरण : टिपणी, पत्रव्यवहार, जोडपत्रे यांचा समुच्चय. या नस्तीच्या पोटात पीडीएफ स्वरूपातील अनेक फाइली असतात. म्हणजे एका फाइलीत अनेक फाइली! ज्याने ‘फाइल वर पाठवली आहे’ असे म्हटले, त्याने नस्ती पाठवली की तिच्यातील एखादे जोडपत्र, याचा उलगडा पुन्हा विचारल्याशिवाय होत नाही. या ठिकाणी नस्ती हा जुना कचेरीतील शब्द कामाला येऊ शकतो, नव्हे, तो आलेलाच आहे. त्याला संगणकीय फाइलीचा समानार्थी ठरवून वाया घालवू नये.

मराठी विकिपीडियावरील उदाहरण याहून बोलके आहे. तेथे एखादी फाइल चढवण्यासाठीचा दुवा ‘संचिका चढवा’ असे सांगतो आणि चढवून झाल्यावर त्याच फाइलीच्या नावाआधी ‘चित्र’ हे पद लागते. आरंभी बहुतेक फाइली चित्रांच्याच असणार, म्हणून कोणी तरी सोयीने हा शब्द निवडला असावा. आता ध्वनिमुद्रणही ‘चित्र’ या नावानेच नांदते. हे काम निष्ठेने आणि विनामूल्य करणाऱ्यांचा अवमान करण्याचा हेतू येथे नाही. एकेक संज्ञा सुटी पाहून ठरवली की काय होते, एवढेच दाखवायचे आहे.

‘प्रणाली’ या उत्तरपदाविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. संगणक प्रणाली, परिचालन प्रणाली, आज्ञाप्रणाली, ई-ऑफिस प्रणाली, परीक्षा प्रणाली : मराठीत ‘सिस्टिम’ दिसली की ‘प्रणाली’ लिहायची असा आता शिरस्ताच झाला आहे. त्यामुळे ‘संचिका प्रणाली’ असे वाचल्यावर शासकीय सेवकाच्या मनात चकतीवरील मांडणी येतच नाही. नस्तींची ने-आण करणारे सॉफ्टवेअर येते. त्याचे हे आकलन चुकीचे म्हणवत नाही.

पदनामांचा अनुभव

नामकरणाच्या वादांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदारांचे अमात्य झाले, सुरनिसांचे सचिव, डबिरांचे सुमंत. तरीही पेशवाईत फडणीस आणि चिटणीस हेच शब्द कारभारात ठामपणे उभे राहिले. भाषा संचालनालयाचा पदनाम कोश १९६२ मध्ये आला, तेव्हा ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची थट्टा झाली. आज आयुक्त, संचालक, अधीक्षक हे शब्द उच्चारताना कोणाला थट्टा सुचत नाही. परिचयाने शब्द रुळतात, असे अनुमान यातून नेहमी काढले जाते आणि ते खरे आहे. पण परिचयाने क्लिष्टता ओसरली, तरी शब्दाशब्दांतील घोळ ओसरत नाही, हे त्या अनुमानात येत नाही.

याचे प्रमाण आपल्या व्यवसायातच आहे. पूर्वी महाविद्यालयांत अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक अशी पदनामे होती. प्रपाठक हा शब्द कोणाला फारसा आवडत नसे, परंतु तो अधिव्याख्याता या शब्दाशी कधी गल्लत होऊ देत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनंतर सहायक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक ही जोडी आली. दोन्ही शब्द सोपे, दोन्ही सर्वांना कळणारे. तरीही निमंत्रणपत्रिकेत, प्रमाणपत्रात, अर्जांच्या रकान्यांत सहायकाचा सहयोगी आणि सहयोग्याचा सहायक आजही होतच असतो. वाचकांपैकी ज्याच्यावर हा प्रसंग आला नाही असा विरळा! (बढती फुकट मिळाली म्हणून तक्रार कोणी करीत नाही, हे निराळे.) सोपेपणा आणि निःसंदिग्धता हे दोन वेगळे गुण आहेत. दुसऱ्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

गावांच्या नावांतील शहाणपण

सारख्या नावांचा घोळ टाळण्याची रीत मराठी मुलुखाला अपरिचित नाही. उलट ती फार जुनी आणि कसलेली आहे. पुण्याच्या भोवतालीच पाहा : कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द. फारसीतील ‘बुजुर्ग’ आणि ‘खुर्द’, म्हणजे थोरले आणि धाकले, या दोन पदांनी एकाच नावाची दोन गावे स्पष्ट वेगळी केली. वडगावे तर इतकी की थोरले-धाकले पुरेना. मग वडगाव शेरी झाले, वडगाव मावळ झाले. पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर यांच्यात कोणी गल्लत करीत नाही, कारण भेद करणारे पद ठळक आहे, भिन्न अक्षरांचे आहे आणि ते वगळून बोलण्याची रीत नाही.

मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव घेऊ. हे नाव हवेलीतील नांदेड या गावाला आणि मराठवाड्यातील नांदेड शहराला अगदी जवळचे आहे. एक अक्षर गळले वा जास्त पडले की गाव बदलते. लोकव्यवहारात शेजारच्या गावासह ‘चांदे-नांदे’ असे जोडनाव घेतले जाते आणि संदेह मिटतो. कागदोपत्री ‘मौजे नांदे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे’ असा पूर्ण पत्ता येतो. संगणकातील फाइलीचा मार्ग याहून निराळा काय असतो? फरक एवढाच की तेथे जिल्हा आधी आणि गाव शेवटी येते. तालुक्याचे नाव मुळशी आणि कचेरी मात्र पौडला, हा अनुभव ज्याला आहे त्याला खंडाचे नाव आणि खंडाचे स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. अशी उदाहरणे हाताशी असताना आपली पाठ्यपुस्तके इंग्रजी पुस्तकातील कचेरीच्या लोखंडी कपाटाचेच चित्र का छापतात, हे मला उमगलेले नाही.

महसुली व्यवहारातील एक रीत मात्र संगणकाला थेट अडते. जमिनीचे गट आणि हिस्से तिरक्या रेघेने लिहिले जातात, जावक क्रमांकांतही तीच रेघ येते, आणि संगणकात नेमकी तीच रेघ मार्गातील टप्पे वेगळे करण्यासाठी राखून ठेवलेली आहे. त्यामुळे ‘७/१२’ हे महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत परिचित दस्तऐवजाचे नाव संगणकावर फाइलीला देताच येत नाही. मग कोणी ‘७-१२’ लिहितो, कोणी ‘७ १२’, कोणी ‘सातबारा’, कोणी रोमी लिपीत काही तरी. नंतर शोध घेणाऱ्याला चारही प्रकारांनी शोधावे लागते. यावर एकच एक लेखनपद्धती ठरवून देणे हा प्रशासकीय निर्णय आहे. त्यासाठी नव्या तंत्राची गरज नाही.

दिसायला एक, असायला तीन

युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी मराठी मजकुराच्या फाइलीचे नाव मराठीत देता येत नसे. अक्षरे देवनागरी दिसत ती विशिष्ट फाँटमुळे, आणि नावाला फाँट लावता येत नाही. ती अडचण आता राहिली नाही. परंतु तिच्या जागी एक सूक्ष्म अडचण आली आहे आणि तिची चर्चा मराठीत क्वचितच होते. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. यातील ‘ऱ्या’ संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा पाय मोडलेल्या ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात. युनिकोड पहिल्या दोहोंना समतुल्य मानते, तिसऱ्याला मानत नाही. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या सामान्यतः केवळ संकेतांक पाहतात. त्यामुळे एकाच फोल्डरात ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या तीन फाइली सुखेनैव राहू शकतात. त्यांपैकी अद्ययावत कोणती, हे नावावरून कळण्याचा मार्ग नाही. ॲपलच्या एपीएफएसमध्ये मात्र पहिल्या दोहोंना एकच नाव समजले जाते. म्हणजे एका यंत्रावरील दोन फाइली दुसऱ्या यंत्रावर नेताना एक दुसरीवर लिहिली जाण्याचा संभव राहतो. ‘फाइल’ की ‘फाईल’ हा शुद्धलेखनाचा जुना तंटाही येथे नव्याने उभा राहतो, कारण शोधयंत्राला ऱ्हस्व-दीर्घाची क्षमा ठाऊक नसते.

काही सूचना

आता माझे मत स्पष्ट मांडतो. संगणकातील एकेरी दस्तऐवजाला ‘फाइल’ हाच शब्द ठेवावा. तो सर्वतोमुखी आहे. कचेरीतील प्रकरणाला ‘नस्ती’ हा शब्द राखावा. फोल्डरसाठी ‘कप्पा’ हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. कपाटाला, तिजोरीला, शाळेच्या दप्तराला कप्पे असतात. कप्प्यात कप्पा असू शकतो, आणि ‘कप्पा’ व ‘फाइल’ यांत कान कधी फसत नाही. फाइल सिस्टिमचे अर्थ वेगवेगळ्या शब्दांनी वेगळे करावेत : वापरकर्त्याला दिसणारी रचना ती ‘फाइलवृक्ष’, चकतीवरील आकृतिबंध ती ‘मांडणी’, आज्ञासंच ती ‘फाइलयंत्रणा’ आणि जोडलेला भाग तो ‘खंड’. मांडणी म्हटल्यावर कोणाला स्वयंपाकघरातील भांड्यांची मांडणी आठवली, तरी बिघडत नाही. कोणत्या खणात काय मावते हेच तर सांगायचे आहे.

‘कप्पा’ या शब्दावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. कप्प्यात ठेवलेली वस्तू एकाच वेळी दुसऱ्या कप्प्यात असू शकत नाही. युनिक्सवर्गीय प्रणालींत मात्र एकच फाइल दोन ठिकाणी दोन नावांनी नोंदलेली असू शकते. कारण तेथे डिरेक्टरी ही फाइलींना पोटात घेत नाही, केवळ नावे आणि क्रमांक यांची यादी ठेवते. हा भेद अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शिकवलाच पाहिजे. त्या ठिकाणी ‘निर्देशिका’ हा शब्द अत्यंत समर्पक आहे, कारण ती खरोखरच दूरध्वनी निर्देशिकेसारखी यादी आहे. सामान्य वापरात कप्पा आणि शास्त्रीय विवेचनात निर्देशिका, अशी विभागणी मला स्वीकारार्ह वाटते. विंडोजनेही १९९५ मध्ये ‘डिरेक्टरी’ सोडून ‘फोल्डर’ धरला, तो बव्हंशी याच विचाराने.

शेवटचा मुद्दा परिभाषाकोशांच्या रचनेचा. आपले इंग्रजी-मराठी परिभाषाकोश इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेले असतात. ‘डिरेक्टरी’ एका पानावर, ‘फाइल’ आणि ‘फोल्डर’ पुढे कोठे तरी, ‘स्टोअरेज’ आणि ‘व्हॉल्यूम’ आणखी दूर. समितीसमोरही शब्द याच क्रमाने येतात. त्यामुळे संचिका, संचयिका आणि संचय हे तीन शब्द एकाच वेळी एकाच डोळ्यांखाली येण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. यावर उपाय म्हणून कोशाच्या आरंभी विषयवार तक्ते द्यावेत. एका व्यवस्थेतील सर्व संज्ञा एका पानावर, त्यांचे परस्परसंबंध दाखवून, छापाव्यात आणि मान्यता त्या तक्त्याला द्यावी, सुट्या शब्दाला नव्हे. मान्यतेपूर्वी एक साधी चाचणीही घेता येईल. दूरध्वनीवरून एकाने सूचना सांगावी : अमुक कप्पा उघडा, त्यातील तमुक फाइल घ्या, ती दुसऱ्या खंडात ठेवा. पलीकडे एखाद्या गावातील आपले सरकार सेवा केंद्राचा चालक बसलेला असावा, आणि मध्ये आवाज थोडा तुटत असावा. मग हीच सूचना संचयिका, संचिका आणि संचय हे शब्द घालून पुन्हा सांगावी, आणि कोणत्या खेपेला पलीकडून ‘काय म्हणालात?’ असा प्रश्न किती वेळा येतो, ते मोजावे.